विंडोज अकराचं अपडेट ६१ टक्क्यांवरून परत फिरतंय, पप्पांच्या पीसीसाठी मदत हवी (फॉरमॅट सोडून सांगा)

खारीबिस्कीट
दिवाळीला मिरजेला आलेय आणि फराळापेक्षा जास्त वेळ पप्पांच्या कॉम्प्युटरसमोर गेलाय म्हणून इथे रडगाणं घेऊन आलेय. पीसी ऑल-इन-वन आहे, स्क्रीनच्या पाठीलाच सगळं चिकटवलेलं असतं ना तो, २०१९ ला घेतलेला, आय थ्री आठवी पिढी, ८ जीबी रॅम, मागच्या वर्षी इथल्याच एका दुकानात हार्डडिस्क काढून २५६ जीबीची एसएसडी टाकली, त्यांनी जुन्याचं जसंच्या तसं क्लोन करून दिलं. चालतो मस्त, तक्रार काही नव्हती.

पण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज दहाचा सपोर्ट संपला हे पप्पांनी पेपरात वाचलं आणि तेव्हापासून ते बँकेची साईटच उघडेनात, लाईटबिल भरायला परत रांगेत जायला लागले. मी म्हटलं थांबा, पीसीला अकरा चालतंय, मी आले की टाकून देते, अर्ध्या तासाचं काम. आज चौथा दिवस आहे.

सेटिंग्जमधून अपडेट लावलं की डाउनलोड होतं (इथलं नेट बघता तीन तास), मग इन्स्टॉल, मग रीस्टार्ट, काळा स्क्रीन, टक्के चढत जातात आणि ६१ ला आलं की थबकतं, मग 'अनडूइंग चेंजेस' म्हणतं आणि पंचवीस मिनिटांनी जसंच्या तसं दहा समोर. कोड येतो ०एक्स८००एफ०९२२. तीन वेळा केलं, तिन्ही वेळा ६१. पप्पा म्हणाले अगं हे आपल्या जुन्या म्हशीसारखंय, दावणीपर्यंत येतंय आणि मागं वळतंय.

सी ड्राइव्हवर ११० जीबी रिकामे आहेत त्यामुळे जागेचा प्रश्न नाही. कुणाला हा कोड माहितीय का?

दीडफूटपट्टी
फॉरमॅट मारा. पेनड्राईव्ह बनवा, अकरा फ्रेश टाका, ४० मिनिटांत मोकळे. चार दिवस कशाला घालवताय.

खारीबिस्कीट
शीर्षक वाचलंत का दादा 😀 त्या पीसीवर आमच्या भावकीची वंशावळ आहे, पप्पा रिटायर झाल्यापासून टायपतायत, अकरा वर्षं. त्यातली अर्धी जुन्या फॉन्टमध्ये आहे जो फॉन्ट कुठून टाकला होता ते त्यांनाही आठवत नाही. आणि प्रिंटरचा ड्रायव्हर ज्या सीडीवर होता ती सीडी आईने पक्षी हाकलायला पेरूच्या झाडाला टांगलीय.

मुक्कामपोस्टउबुंटू
विंडोजऐवजी लिनक्स टाका आणि या कटकटीतून कायमचे सुटा. मी २०१४ पासून वापरतोय.

बर्डीचासावजी
काऊन बे, प्रत्येक धाग्यावर तू हेच लिहून राह्यला. त्यांच्या बाबांना वंशावळ टाइप करायची आहे, कर्नल कंपाइल नाही करायचं.
ताई, आधी हे करून बघा. सर्व्हिसेसमध्ये जाऊन विंडोज अपडेट आणि बिट्स (अपडेट डाउनलोड करणारी सर्व्हिस) बंद करा, मग विंडोज फोल्डरमधल्या सॉफ्टवेअरडिस्ट्रिब्युशन फोल्डरचं नाव बदला, परत चालू करा. मग कमांड प्रॉम्प्टमध्ये एसएफसी स्कॅननाऊ, ते विंडोजच्या फाईली तपासतं. माझ्याकडे दहापैकी सात वेळा यानंच भागतं.

खारीबिस्कीट
केलं सगळं. स्कॅनमध्ये काहीच चूक सापडली नाही म्हणे. चौथ्यांदा अपडेट लावलं, परत ६१.

जुनाखोडरबर
ताई, घाई करू नका आणि पाचव्यांदा आहे तसंच लावू नका.

सावजींनी सांगितलेला उपाय चांगला आहे पण तो वेगळ्या दुखण्यावरचा. डाउनलोड केलेल्या फाईली खराब झाल्या असतील किंवा विंडोजच्या स्वतःच्या फाईली बिघडल्या असतील तर ते चालतं. तुमचा कोड बहुतेक वेळा दोनच गोष्टी सांगतो. एक, अपडेटच्या सर्व्हरशी नीट बोलणं होत नाहीये, म्हणजे व्हीपीएन वगैरे चालू असेल तर. दोन, सिस्टिम रिझर्व्हड पार्टिशनमध्ये जागा नाही. तुमच्या वडिलांकडे व्हीपीएन असेल असं वाटत नाही 😀 म्हणून मी दुसऱ्यावर पैज लावतो.

हे पार्टिशन म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर पुढचं सगळं मंत्र वाटेल. जुन्या घरात दाराशेजारी भिंतीत एक कोनाडा असायचा, त्यात कुलपाची किल्ली, काडेपेटी, कंदील. घर आठ खणांचं का असेना, आत शिरायला लागणारं सामान त्या कोनाड्यात. तसं डिस्कच्या सुरुवातीला एक छोटं पार्टिशन असतं, पीसी चालू झाल्याझाल्या बायोस (विंडोजच्याही आधी सुरू होणारं, मशिनमधलंच सॉफ्टवेअर) आधी तिथे बघतं आणि तिथून विंडोज कुठे आहे ते शोधतं. नवीन मशिनवर त्याला ईएफआय पार्टिशन म्हणतात. ते साधारण १०० एमबीचं असतं, एमबी, जीबी नाही. तुमचे ११० जीबी आहेत खोलीत आणि काडेपेटी ठेवायला कोनाड्यात जागा नाही, असा प्रकार आहे. दुकानदाराने क्लोन केलं म्हणजे तो कोनाडाही जसाच्या तसा आला, अडगळीसकट.

आता तीन गोष्टी करा आणि इथे कळवा.
वंशावळ आधी दोन ठिकाणी कॉपी करा, एक पेनड्राईव्हवर आणि एक तुमच्या स्वतःच्या लॅपटॉपवर. आणि तो जुना फॉन्टही, कंट्रोल पॅनलमध्ये फॉन्ट्स उघडून तो फॉन्ट उचलून पेनड्राईव्हमध्ये टाका. हे झाल्याशिवाय पुढचं वाचूसुद्धा नका.
दुसरं, सेटिंग्जमधून अपडेट लावण्याऐवजी अकराचा इन्स्टॉलेशन असिस्टंट उतरवून तो चालवा, तो बऱ्याचदा कोडच्या ऐवजी धड वाक्यात सांगतो काय दुखतंय ते.
तिसरं, स्टार्टवर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा, डिस्क झिरोवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, व्हॉल्यूम्स. तिथे पार्टिशन स्टाइल (डिस्कचे भाग पाडायची पद्धत) जीपीटी, म्हणजे नवी, लिहिलंय की एमबीआर, म्हणजे जुनी, ते बघा. तिथेच ईएफआय पार्टिशन शंभर टक्के रिकामं दिसेल, त्यावर विश्वास ठेवू नका, डिस्क मॅनेजमेंटला त्याच्या आत बघताच येत नाही म्हणून ते नेहमी शंभर टक्के फ्रीच दाखवतं. याच आकड्याने मला एकदा दोन दिवस फिरवलं होतं.

वाळवंटातलीउसळ
धाग्यात घुसतेय, माफ करा, पण मी मस्कतला रडकुंडीला आलेय. घरच्या लॅपटॉपवर अकरा टाकण्यासाठी यूट्यूबवर बघून बायोसमध्ये सिक्युअर बूट चालू केलं, आणि आता चालू केलं की निळा स्क्रीन येतो, रिकव्हरी की मागतोय. मी कधीच कुठली की ठेवली नाही! व्हायरस आहे का हा?

जुनाखोडरबर
व्हायरस नाही. तुमच्या लॅपटॉपची डिस्क एन्क्रिप्टेड, म्हणजे कुलूपबंद आहे (विंडोजमध्ये याला बिटलॉकर म्हणतात), बऱ्याच लॅपटॉपवर ते आपोआप चालू असतं, आपल्याला पत्ताही नसतो. बायोसमध्ये बदल झाला की त्याला वाटतं कुणी चोराने डिस्कशी खेळ केलाय, म्हणून किल्ली मागतो. ४८ आकडी असते, सहा-सहा आकड्यांचे आठ गट. ज्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॅपटॉप पहिल्यांदा चालू केला होता त्या अकाउंटला फोनवरून लॉगिन करा, डिव्हाइसेसमध्ये लॅपटॉपच्या नावाखाली बिटलॉकर रिकव्हरी की म्हणून मिळेल. निळ्या स्क्रीनवर एक की आयडी दिसतो, त्याची पहिली आठ अक्षरं जुळवून बघा, एकापेक्षा जास्त किल्ल्या असतात कधीकधी.
नाहीतर बायोसमध्ये जाऊन जे बदललंत ते परत पहिल्यासारखं करा, तेवढ्यानेही पुष्कळदा मुकाट सुरू होतो.

वाळवंटातलीउसळ
अकाउंट मुलाने बनवलेलं, तो टोरांटोला, आता तिथे रात्रीचा एक वाजलाय. बायोसमध्ये परत जायची माझी हिंमत नाही, तो उठेपर्यंत थांबते.

खारीबिस्कीट
खोडरबर काका (काका म्हटलं तर चालेल ना), पैज जिंकलात. असिस्टंटने स्पष्ट लिहून दिलं, 'वुई कुडंट अपडेट द सिस्टिम रिझर्व्हड पार्टिशन'. आणि डिस्क जीपीटी आहे. आणि हो, ईएफआय १०० एमबी, १०० टक्के फ्री, तुम्ही म्हणालात तसंच खोटं बोलतोय.
वंशावळ तीन ठिकाणी ठेवली, पप्पांनी स्वतः बघून खात्री केली, तिसरी कॉपी आत्याच्या पेनड्राईव्हवर कारण त्यांचा माझ्यावर पूर्ण विश्वास नाही.

जुनाखोडरबर
काका म्हणा की, सूनही तेच म्हणते.

मग आता कोनाडा आवरायचा. मायक्रोसॉफ्टच्या मदतीच्या पानावरही हाच उपाय दिलाय, माझं डोकं नाही. त्या पार्टिशनमध्ये एक फॉन्टचा फोल्डर असतो, त्यातल्या फाईली काढल्या की साधारण १५ एमबी मोकळे होतात आणि अपडेटला तेवढे पुरतात.

कमांड मी मुद्दाम देवनागरीत लिहितोय. म्हणजे कॉपी-पेस्ट करून डोळे मिटून एंटर मारता येणार नाही, हाताने टाइप करावं लागेल. फोनवर स्पेलिंग सांगतो तसं वाचा.

स्टार्टमध्ये सीएमडी शोधा, राइट क्लिक, रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर. पॉवरशेल नको, निळी खिडकी आली तर बंद करा, काळी हवी.
पहिली कमांड: एम ओ यू एन टी व्ही ओ एल, स्पेस, वाय, कोलन, स्पेस, तिरकी रेघ (फॉरवर्ड स्लॅश), एस. याने कोनाड्याला वाय हे ड्राइव्हचं नाव मिळतं.
दुसरी: नुसतं वाय कोलन आणि एंटर. याने आपण त्या ड्राइव्हमध्ये जातो.
तिसरी: सीडी, स्पेस, ईएफआय\मायक्रोसॉफ्ट\बूट\फॉन्ट्स.
चौथी: डी ई एल, स्पेस, स्टार डॉट स्टार. विचारेल नक्की का, वाय दाबून एंटर.

घरात एन्क्रिप्शन चालू असेल तर (वरच्या उसळताईंसारखं) हे करायच्या आधी बिटलॉकर सस्पेंड करायचं. तुमच्याकडे विंडोज होम आणि लोकल अकाउंट असेल तर बहुधा नसेलच, तरी सेटिंग्जमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन असं काही दिसतंय का बघून घ्या.

सांडगेमिरची
थांबा थांबा, फॉन्ट उडवायचे? मग त्यांच्या वडिलांचं मराठी टायपिंग जाईल ना??

जुनाखोडरबर
नाही, प्रश्न बरोबर आहे तुमचा पण हे फॉन्ट ते नव्हेत. आपले मंगल, निर्मला, वंशावळीचा जुना फॉन्ट, सगळे सी ड्राइव्हवर विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये असतात, त्यांना हात लावायचा नाहीये. कोनाड्यातले फॉन्ट फक्त विंडोज सुरू व्हायच्या आधी काही संदेश दाखवायचा झाला तर त्यासाठी असतात. त्यातल्या मोठमोठ्या फाईली चिनी, जपानी आणि कोरियन लिपीच्या आहेत, नावं बघितली तर सीएचएस, सीएचटी, जेपीएन, केओआर अशी सुरू होतात. मिरजेत कुणाला बूट होताना कोरियन वाचायचं असेल तर वेगळी गोष्ट. देवनागरी त्यात नाहीच.

सांडगेमिरची
म्हणजे मराठीला तिथेही जागा नाही 😀

दीडफूटपट्टी
एवढा खटाटोप करण्यापेक्षा फॉरमॅट बरा.

खारीबिस्कीट
काका, हात थरथरतायत म्हणून दहा मिनिटांनी लिहितेय. आत्ता काय झालं ऐका.

माउंटव्हॉलवाली कमांड केली, काहीच उत्तर आलं नाही, मला वाटलं चुकलं, पण एरर नाही म्हणजे झालं असणार. मग सीडी करून फॉन्ट्सचा पाथ टाकला, त्याने काहीतरी इंग्रजीत म्हटलं, 'कॅनॉट फाइंड द पाथ', मी नीट वाचलं नाही कारण त्याच वेळी आई विचारत होती चकल्या डब्यात भरू का. मग डेल स्टार डॉट स्टार. त्याने विचारलं नक्की का, वाय की एन. मी वाय दाबलं. एंटरवर बोट होतं. आणि पप्पा मागून म्हणाले, तिथं सिस्टिम३२ का लिहिलंय?

वाचलं तर 'सी:\विंडोज\सिस्टिम३२\*, आर यू शुअर'.

मी दुसरी कमांड, नुसतं वाय कोलन, टाकलीच नव्हती. मला वाटलं ती पहिल्यातच आली, वाय एकदा टाइप केलंय ना. म्हणजे मी अजून सी ड्राइव्हच्या सिस्टिम३२ मध्येच उभी होते आणि तिथलं सगळं पुसायला निघाले होते, तेही अ‍ॅडमिन म्हणून. बॅकस्पेस मारून एन केलं. मग खिडकीच बंद केली. मग पाणी प्यायले.

पप्पा आता माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसलेत.

बर्डीचासावजी
बापरे. अंगावर काटा आला. एंटर गेला असता तर फॉरमॅटवाल्या पट्टीदादांचाच विजय होता.

जुनाखोडरबर
चूक माझी आहे ताई, तुमची नाही. ड्राइव्हचं नाव वाय आणि 'नक्की का' याचं उत्तरही वाय, यात गोंधळ होणारच, आणि मला चाळीस वर्षं क्लार्की केलेल्या माणसाला हे सुचायला पाहिजे होतं. सगळीकडे वाय लिहितात म्हणून मीही लिहिलं. आपण एस घेऊ, एस म्हणजे सिस्टिम.

आणि काहीच पुसायच्या आधी, प्रत्येक कमांडनंतर ओळीच्या सुरुवातीला काय लिहिलंय ते मोठ्याने वाचा. पप्पांना वाचायला सांगा. सुरुवातीला एस:\ईएफआय\मायक्रोसॉफ्ट\बूट\फॉन्ट्स दिसलं तरच पुढे. नाही दिसलं तर थांबा आणि इथे लिहा. आणि डेलच्या आधी एक डिर करा, डी आय आर, म्हणजे समोर कुठल्या फाईली आहेत त्या दिसतील आणि शेवटच्या ओळीत किती बाइट्स फ्री आहेत तेही. ती यादी इथे सांगा, मग पुसू.

खारीबिस्कीट
पप्पा वाचतायत, मी टाइप करतेय, शाळेत फळ्यासमोर उभं राहिल्यासारखं वाटतंय.

एस:\ईएफआय\मायक्रोसॉफ्ट\बूट\फॉन्ट्स. बरोबर?
डिरमध्ये चिनी-जपानी सगळी मंडळी आहेत. शेवटच्या ओळीत साधारण ४ एमबी फ्री.
आणि सहज तीन पायऱ्या मागे जाऊन ईएफआयमध्ये डिर केलं तर मायक्रोसॉफ्ट आणि बूट सोडून पीसीच्या कंपनीच्या नावाचा एक फोल्डर आहे, त्याच्या आत बायोसच्या फाईली, ५० एमबीच्या वर. हेच ना ते अडगळीचं?

जुनाखोडरबर
हेच ते. काही कंपन्यांचं बायोस अपडेट स्वतःच्या फाईली, जुन्या बायोसची प्रत वगैरे, इथे आणून ठेवतं आणि मग न्यायला विसरतं. काही अँटिव्हायरसही इथे लिहितात. पण त्या फोल्डरला आज हात लावू नका, त्यातलं काय लागतं आणि काय नाही ते मला इथे बसून सांगता येणार नाही, आणि आपल्याला १५ एमबी पाहिजेत, ते फॉन्टमधून मिळतायत. साप मारायला घर जाळायचं नाही.

पाथ बरोबर आहे. परत फॉन्ट्समध्ये जा, पप्पांकडून ओळ वाचून घ्या आणि पुसा.

खारीबिस्कीट
पुसलं. डिर केलं, फाइल नॉट फाउंड, आणि जवळपास १७ एमबी फ्री. असिस्टंट परत लावलाय. पीसी इन्व्हर्टरवर नाही त्यामुळे टीव्हीमागच्या इन्व्हर्टरच्या पॉइंटवरून एक्स्टेन्शन ओढून आणलंय, हॉलमधून सगळ्यांनी पाय उचलून चालायचं असा पप्पांचा हुकूम आहे.

लोटाभरपाणी
मधेच विचारतो, माझा लॅपटॉप सहाव्या पिढीचा आहे, त्याला अकरा चालतच नाही असं दाखवतंय. मी काय करू? टाकून देऊ?

बर्डीचासावजी
टाकू नका. अकराला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) पाहिजे म्हणते, तुमच्यात ते बसत नाही. आडमार्गाने टाकता येतं पण पुढे अपडेट मिळतीलच अशी खात्री कंपनी देत नाही, रोजच्या कामाच्या मशिनवर तसं करू नका असं माझं मत. दहावरच राहून एक्स्टेंडेड सिक्युरिटी अपडेट्सला नाव नोंदवा. १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळतात. सेटिंग्जचा बॅकअप मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडला तर पैसे लागत नाहीत, नाहीतर १००० रिवॉर्ड पॉइंट किंवा ३० डॉलर. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावरच एन्रोलचं बटण दिसतं, दिसत नसेल तर आधी दहाचे राहिलेले अपडेट सगळे टाका, मग येतं.

मुक्कामपोस्टउबुंटू
सहाव्या पिढीवर तर लिनक्स पळेल, मनापासून सांगतो, आणि या वेळी खरंच बरोबर बोलतोय मी.

बर्डीचासावजी
या वेळी खरंच बरोबर बोलून राह्यला. लोटाभाऊ, पेनड्राईव्हवरून लाइव्ह चालवून बघा, इन्स्टॉल न करता, आवडलं तर ठेवा.

खारीबिस्कीट
४५ टक्के.

खारीबिस्कीट
५८. पप्पा पूजेला बसल्यासारखे बसलेत.

सांडगेमिरची
६१ चं काय??

खारीबिस्कीट
६१ ला दोन मिनिटं थांबला, आमच्या हॉलमध्ये कुणी श्वास घेत नव्हतं, आई चकल्या विसरली, आणि ६२!!!!

जुनाखोडरबर
छान. आता तो तीन-चार वेळा रीस्टार्ट होईल, मध्ये दहा-पंधरा मिनिटं काळा स्क्रीन राहिला तरी बटण दाबायचं नाही. हार्डडिस्कचा लाइट लुकलुकत असेल तर काम चालू आहे असं समजा.

वाळवंटातलीउसळ
माझी पण बातमी, मुलगा उठला, की सापडली, ४८ आकडे त्याने व्हिडिओ कॉलवर वाचले आणि मी टाइप केले, एकदा चुकले, दुसऱ्यांदा उघडला! किल्ली आता कागदावर लिहून कुकरच्या गॅरंटी कार्डाच्या पाकिटात ठेवलीय, घरात तेवढंच पाकीट हरवत नाही. खोडरबरकाका, धन्यवाद.

खारीबिस्कीट
झालं! अकरा आलं. वंशावळ उघडली, जुना फॉन्टही आहे, खापरपणजोबांपर्यंत सगळे जागेवर.

दोन गोष्टी सापडल्या त्या इथे लिहून ठेवते, दुसऱ्या कुणाला उपयोग होईल. एक, काही मराठी फाईलींत अक्षरं जराशी वेगळी दिसायला लागली कारण मंगल फॉन्ट दिसेना. सेटिंग्जमध्ये ऑप्शनल फीचर्समध्ये जाऊन 'देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स' टाकल्यावर मंगल परत आला, कोकिळा आणि अपराजिताही त्यातच येतात. दुसरं, प्रिंटर आपोआप चालला, म्हणजे पेरूच्या झाडावरची सीडी तिथेच राहू दे.

काका, परत दहावर जायचं झालं तर जाता येतं ना? पप्पा विचारतायत.

जुनाखोडरबर
दहा दिवसांच्या आत सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी, गो बॅक. तेवढे दिवस सी ड्राइव्हवर विंडोज.ओल्ड नावाचा मोठा फोल्डर दिसेल, जागा खातोय म्हणून कुणी पुसू नका, तोच परतीचा रस्ता. दहा दिवसांनी तो स्वतःच जातो. पण परत का जायचंय?

खारीबिस्कीट
जायचं नाहीये, स्टार्टचं बटण डाव्या कोपऱ्यातून मधे आलंय त्याचा राग आलाय. 'पंचवीस वर्षं डावीकडं होतं, कुणाला विचारून हलवलं?' टास्कबार सेटिंग्जमध्ये अलाइनमेंट लेफ्ट करून दिलं, आता शांत आहेत. लाईटबिलही ऑनलाइन भरलं.

आणि त्यांनी त्यांच्या वहीत, ज्यात गॅस नंबर लावल्याच्या तारखा असतात त्यात, आजची तारीख टाकून सगळ्या पायऱ्या लिहून घेतल्या. शेवटच्या ओळीखाली दोनदा रेघ मारलीय: 'वाय नाही, एस. ओळ मोठ्याने वाचणे. चि. ला एकटीला करू देऊ नये.'